रिपोर्ट दोघांचा सारखा, मग यकृतात गळू धाकट्यालाच का?

सातपूरला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी केली, तेव्हा त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या रिपोर्टवर एकच ओळ आली: 'एन्टअमीबा हिस्टोलिटिका सिस्ट आढळल्या', म्हणजे आतड्यातल्या या एकपेशीय परजीवीची, अमीबाची, कवचबंद रूपं. थोरल्यांना कसलाही त्रास नाही. धाकट्याच्या यकृतात मात्र गळू झालं आणि सुईने पू काढावा लागला. एम.एस्सी. करणारी मुलगी म्हणते, परजीवीत 'व्हिरुलन्स'ची म्हणजे उग्रतेची जनुकं असतात. काकांच्या अमीबात ती असणार, बाबांच्या अमीबात नसणार. हे खरं का, ती जनुकं नाशकात तपासून मिळतात का, आणि त्रास नसताना औषध घ्यावं का?

मुलीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी थोडा लांबचा रस्ता धरावा लागेल, आणि सुरुवात त्या रिपोर्टवरच्या ओळीपासून करावी लागेल, कारण पहिली गफलत तिथेच आहे.

मी सव्वीस वर्षं नाशकात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलोय. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं ही ओळ मीही बिनदिक्कत लिहिली. गोल सिस्ट, दहा ते पंधरा मायक्रॉनची, आत एक ते चार केंद्रकं, की लिही हिस्टोलिटिका. पेशंट डॉक्टरांकडे जायचा, मेट्रोनिडॅझोलचा कोर्स घ्यायचा, तोंडाची चव घालवून परत यायचा. पुन्हा सिस्ट दिसल्या की पुन्हा कोर्स. त्यातल्या पुष्कळांना मी लिहिलेला अमीबा नव्हताच. होता तो त्याचा जुळा भाऊ.

१८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्योदोर ल्योश या डॉक्टरला आव पडणाऱ्या रुग्णाच्या शौचात हा जीव सापडला. पुढे जगभर लोक शोधू लागले तसं एक कोडं पडलं: अमीबा बाळगणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. १९२५ मध्ये एमिल ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सरळ सांगून टाकलं की हे दोन वेगळे जीव आहेत, एक रोग करणारा आणि एक निरुपद्रवी. निरुपद्रवी जातीला त्याने 'डिस्पार' नाव दिलं. त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही, कारण दोघांच्या सिस्ट दिसायला तंतोतंत सारख्या. विकरं, प्रतिपिंडं आणि शेवटी डीएनए, असा पुरावा साठत गेला आणि १९९३ मध्ये दोन जाती रीतसर वेगळ्या झाल्या. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की नुसत्या मायक्रोस्कोपवर सिस्ट दिसली तर 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार' असंच लिहा. त्यात आता मॉश्कोव्हस्कीआय नावाचा तिसरा सोबतीही आलाय. हलणाऱ्या अमीबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर हिस्टोलिटिकाचा संशय पक्का होतो. पण सिस्टवरून जात ठरवणं म्हणजे बंद दारावरून घरातल्या माणसाचा स्वभाव सांगणं.

म्हणजे तुमच्या रिपोर्टवरच्या ओळीतून एवढंच कळतं की या कुळातला कोणीतरी तुमच्या आतड्यात आहे. तो डिस्पार असेल, तर मुलीचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं. दोन जातींच्या जनुकांत फरक आहे, आणि तो बघण्यासारखा आहे.

हिस्टोलिटिकाला आतड्यातून यकृतापर्यंत जायचं तर तीन कामं करावी लागतात. आधी चिकटायचं. त्यासाठी त्याच्या अंगावर लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, ते आपल्या आतड्याच्या श्लेष्म्यातली आणि पेशींवरची गॅलॅक्टोज जातीची साखर पकडतं. मग वाट फोडायची. त्यासाठी सिस्टीन प्रोटिएज नावाची प्रथिनं कापणारी विकरं आहेत. अमीबाच्या जनुकसंचात यांची पन्नासच्या आसपास जनुकं आहेत, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या अमीबात बहुतेक काम तिघांवरच चालतं: पहिला, दुसरा आणि पाचवा. यातल्या पहिल्याचं आणि पाचव्याचं चालू जनुक डिस्पारकडे नाही. पाचव्याचे तर नुसते मोडकेतोडके अवशेष उरलेत. तिसरं काम पेशी मारण्याचं. त्यासाठी अमीबापोर नावाची छोटी प्रथिनं, जी समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. पूर्वी वाटायचं की अमीबा आधी पेशी मारतो आणि मग गिळतो. २०१४ मध्ये दिसलं की तो जिवंत पेशीचेच लचके तोडतो, थोडे थोडे, आणि पेशी त्या लचक्यांनीच मरते.

लेक्टिन आणि अमीबापोर डिस्पारकडेही आहेत, हे मुद्दाम सांगतो. त्यामुळे 'याच्याकडे शस्त्रं आहेत, त्याच्याकडे नाहीत' असा हिशेब नाही. काही शस्त्रं दोघांकडे आहेत पण एकाची बोथट आहेत, आणि एक-दोन मात्र खरोखरच एकाकडेच आहेत.

आता दुसरी शक्यता, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: तुमच्या पोटातही हिस्टोलिटिकाच असेल. एक घर, एक नळ, एकच पाण्याची टाकी, तर असू शकतो. खऱ्या हिस्टोलिटिकाची लागण झालेल्यांतही दहांतल्या एखाद्यालाच आव किंवा गळू होतं, बाकीचे तुमच्यासारखे हिंडतफिरत असतात. तेव्हा प्रोटिएजचं जनुक दोन्ही भावांच्या अमीबात असेल, आणि मुलीचं उत्तर अपुरं पडेल.

इथे एक प्रयोग आठवतो. अमीबात एखादं जनुक काढून टाकणं फार किचकट, कारण एकेका गुणसूत्राच्या अनेक प्रती. इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या मंडळींनी जनुक न काढता ते गप्प केलं. अमीबापोरचं मुख्य जनुकच बंद पडलेला वाण तयार केला. मग तो उंदरांत तपासला गेला, आतड्यासाठी मानवी आतड्याचा तुकडा लावलेल्या उंदरांत आणि यकृतासाठी वेगळा. यकृतातलं गळू पुरत्या ताकदीने झालं नाही. पण आतड्यात सूज आणि नासधूस तशीच झाली! म्हणजे एकाच जीवाचं एकच जनुक एका अवयवात 'उग्रतेचं' आणि दुसऱ्या अवयवात बिनकामाचं. हे वाचल्यापासून मी 'उग्रतेचं जनुक' हा शब्द जपून वापरतो, आणि कोणी वापरला की विचारतो: कुठल्या अवयवात, कुणाच्या शरीरात?

धाकट्या भावाच्या बाजूनेही बघायला हवं. यकृतातलं अमीबाचं गळू हा प्रौढ पुरुषांचा आजार आहे. बायकांपेक्षा त्यांच्यात तो कितीतरी पट जास्त दिसतो. दारू आणि ताडी पिणाऱ्यांत अधिक दिसतो (भाऊ पितात असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगावं, एवढंच). बांगलादेशातल्या मुलांच्या अभ्यासात तर माणसाच्याच एका जनुकात, लेप्टिन नावाच्या संप्रेरकाच्या ग्राहीत, एका अमिनो आम्लाचा फरक सापडला, आणि त्या एका फरकाने अमीबाची लागण होण्याची शक्यता बदलत होती. लेप्टिन हे भुकेशी जोडलेलं संप्रेरक. अमीबाशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मुलगी एम.एस्सी.ची आहे म्हणून थोडं शास्त्राचं. एखादं जनुक उग्रतेचं आहे हे कसं ठरवायचं, याची कसोटी स्टॅन्ली फॉल्को यांनी १९८८ मध्ये जिवाणूंसाठी मांडली. जनुक रोग करणाऱ्या वाणांत असावं. ते बिघडवलं की रोग घडवण्याची ताकद घटावी. परत दुरुस्त केलं की ताकद परत यावी. जिवाणूंसाठी उत्तम. पण एकपेशीय परजीवींकडे आलं की या कसोटीचा घाम निघतो. तिथे जनुक एकटं क्वचितच असतं, सगळं कुटुंब असतं. एकाला काढलं की चुलत भाऊ पुढे येतो. याचं सर्वांत मोठं उदाहरण मलेरियाचं आहे, आणि ते मी रोज काचेवर बघतो.

प्लास्मोडियम फॅल्सिपेरम, म्हणजे घातक मलेरियाचा परजीवी. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला: चौदा गुणसूत्रं, सुमारे ५,३०० जनुकं. त्यातली साठेक जनुकं 'व्हार' नावाच्या कुटुंबातली, जी १९९५ मध्येच हाती लागली होती. प्रत्येक व्हार जनुक एकाच प्रथिनाचा वेगळा अवतार बनवतं. परजीवी तांबड्या पेशीच्या आत बसतो आणि हे प्रथिन पेशीच्या बाहेर, छोट्या छोट्या उंचवट्यांवर लावतो. गंमत अशी की साठांतलं एका वेळी एकच चालू, बाकीची एकोणसाठ कुलूपबंद. आपली प्रतिकारशक्ती त्या प्रथिनाला ओळखायला शिकते, तोवर काही परजीवींनी दुसरं जनुक उघडलेलं असतं. दारात येणारा बहुरूपी कालचा फौजदार, आजचा गोसावी, तसं हे. साठ सोंगं, एका वेळी एकच अंगावर.

हे प्रथिन नुसतं सोंग नाही, ते चिकटतंही. बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ते पकडतं आणि तांबडी पेशी तिथेच अडकून बसते. मेंदूत अडकल्या तर मेंदूचा मलेरिया. कोणतं सोंग कुठे चिकटणार हेही ठरलेलं असतं: बरीचशी सोंगं सीडी-३६ नावाच्या रेणूला धरतात, काही ठरावीक सोंगं ईपीसीआर या ग्राहीला धरतात, आणि मुलांच्या गंभीर मलेरियाशी त्यांचंच नातं दिसलंय. एक सोंग तर फक्त गर्भारपणासाठीच असल्यासारखं आहे, ते वारेतल्या एका साखरेच्या साखळीला चिकटतं. त्यामुळे भरपूर मलेरिया असलेल्या भागातली बाई, जिला लहानपणापासून ताप अंगवळणी पडलाय, तीही पहिलटकरीण असताना एकदम आजारी पडते. हे सोंग तिच्या शरीराने आधी पाहिलेलंच नसतं. पुढच्या बाळंतपणांत त्रास कमी होतो.

आता माझ्या टेबलावरचं. फॅल्सिपेरमच्या स्लाइडवर आम्हाला बहुतेक वेळा फक्त कोवळ्या रिंगा दिसतात. मोठे झालेले परजीवी दिसत नाहीत, कारण ते आत कुठेतरी चिकटून बसलेले असतात. खूप वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीला निफाडकडे द्राक्षबागेत कामाला आलेल्या एका पोराची स्लाइड माझ्याकडे आली. फार शोधल्यावर पाच-सहा रिंगा. सोबतचा मुकादम म्हणाला, 'थोडेच आहेत ना साहेब, मग काही नाही.' मला पोराचं डोळे फिरवणं आवडलं नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला की मोजणीवर जाऊ नका, बाहेर दिसतात त्यापेक्षा आत जास्त असतील. ॲडमिट करेपर्यंत त्याला झटके सुरू झाले होते. आर्टेसुनेटवर वाचला. तो आकडा रिपोर्टवर लिहिताना हात आखडतो तो तेव्हापासून.

तर मग व्हार ही माणसाला मारायची जनुकं म्हणायची? मला तसं वाटत नाही. परजीवी चिकटतो कशासाठी, तर प्लीहेतून जावं लागू नये म्हणून. प्लीहा, म्हणजे जुन्या लोकांची पानथरी, ही रक्ताची चाळणी आहे. परजीवी वाढला की तांबडी पेशी ताठ होते, आणि ताठ पेशी चाळणीत अडकून मोडते. म्हणून चाळणीकडे जायचंच नाही, वाटेत कुठेतरी भिंतीला धरून राहायचं. याचा पुरावा फार सुंदर आहे: प्लीहा काढलेल्या माकडांत फॅल्सिपेरम पुनःपुन्हा वाढवला, तर तो चिकटणंच सोडून देतो. प्लीहा नसलेल्या माणसाला मलेरिया झाला तर स्लाइडवर लहान-मोठे सगळे टप्पे दिसतात. चाळणीच नाही, तर भिंतीला धरून बसण्याची गरज काय? परजीवीला जगायचं असतं, आपला मेंदू मधे येतो.

चिकटण्याचा विषय निघालाच आहे, तर सुरगाणा-पेठकडे जाऊन येतो. तिथल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं जनुक आहे, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं, कारण तपासणीची कार्डं घरोघर पोचलीत. दोन्हीकडून ते आलं तर आजार. एकाच बाजूने आलं तर माणूस वाहक, धडधाकट. आणि वाहकाला गंभीर फॅल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. याची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक व्हारशी जोडलेलं आहे: वाहकाच्या तांबड्या पेशीत परजीवीला ते चिकट प्रथिन पृष्ठभागावर नीट मांडताच येत नाही, उंचवटेही वेडेवाकडे होतात. जनुक तेच, सोंग तेच, पण रंगमंचच मोडका.

परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. गांबिया आणि केनियातल्या गंभीर मलेरियाच्या मुलांचे आणि त्यांच्यातल्या परजीवींचे, असे दोघांचे जनुकसंच शास्त्रज्ञांनी शेजारी ठेवून पाहिले. २०२२ मध्ये ते छापून आलं. सिकलसेलचं जनुक असूनही जी मुलं आजारी पडली, त्यांच्यातल्या परजीवींत तीन ठिकाणी विशिष्ट फरक वारंवार सापडले. ते फरक असलेला परजीवी वाहकाला गाठू शकतो. बाकीच्या मुलांत मात्र त्याला त्या फरकांचा खास फायदा दिसत नाही. आता या तीन जागांना उग्रतेची जनुकं म्हणायचं की नाही? सुरगाण्याच्या वाहकासाठी म्हणावं लागेल, तुमच्या-माझ्यासाठी बहुधा नाही.

इथे एक आडवळण. परजीवीतलं एखादं जनुक नाहीसं झाल्याने आमचीच फसगत होऊ शकते. मलेरियाचं रॅपिड कार्ड फॅल्सिपेरमचं एचआरपी-२ नावाचं प्रथिन पकडतं. काही परजीवींत ते जनुकच गळालेलं असतं. कार्ड कोरं, ताप चालू. याने परजीवी जास्त उग्र होत नाही, फक्त अदृश्य होतो. म्हणून पावसाळ्यानंतरचा थंडी वाजून येणारा ताप असेल तर कार्डासोबत स्लाइड बघा, असं मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतो. कंटाळतात, पण सांगतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझं मत कायमचं बदललं. ती आपल्याच राज्यातली आहे.

गुरं-घोडे पाळणाऱ्यांना सर्रा माहीत आहे. घोडा वाळत जातो, ताप चढतो-उतरतो, पायांवर सूज येते. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा त्याचा परजीवी. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथल्या घोड्यांत आणि उंटांत तो शोधला. चावणाऱ्या माश्या तो पसरवतात. माणसाला सर्रा होत नाही, असं आम्ही परीक्षेत लिहून पास झालो. कारणही पाठ होतं: माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं, ते या परजीवीला आतून फोडून टाकतं.

२००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला, चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रक्ताच्या स्लाइडवर मलेरियाऐवजी शेपटीवाले वळवळणारे जीव दिसले: सर्राचा परजीवी, माणसाच्या रक्तात. सुरामिन या जुन्या औषधाने तो बरा झाला. सगळ्यांना पहिली शंका आली ती परजीवीची. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराच्या एका परजीवीकडे एसआरए नावाचं जनुक आहे, ते एपीओएल-१ ला निकामी करतं. एवढं एक जनुक निरुपद्रवी भाईबंदात घातलं की तोही माणसाच्या रक्तात तगतो. फॉल्कोंची कसोटी इतक्या चोखपणे क्वचितच कुठे लागू पडते. तेव्हा चंद्रपूरच्या परजीवीनेही असंच काही कमावलं असेल, अशी धास्ती होती.

२००६ मध्ये उत्तर आलं, आणि ते परजीवीत नव्हतं. परजीवी होता नेहमीचाच. त्या शेतकऱ्याच्या एपीओएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक आईकडची, एक वडिलांकडची. त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात बाहेरून ते प्रथिन घातलं, आणि परजीवी फुटू लागले. आफ्रिकेत तोच परिणाम परजीवीच्या एका जनुकाने साधला होता. चंद्रपुरात माणसाच्या एका जनुकाच्या अभावाने साधला. रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून पाहिलं तर दोन्हींत फरक दिसणार नाही. दोन्ही ठिकाणी परजीवी 'उग्र'.

माझा एक जुना मित्र सिन्नर भागात पशुवैद्य आहे, त्याला या गोष्टीचं नवल वाटलं नाही. तो म्हणाला, आमच्याकडे हे रोजचंच. गोचिडातून येणारा थायलेरिया हा परजीवी बघ. होल्स्टीनच्या संकरित गाईला तो आडवी पाडतो, आणि शेजारच्या गोठ्यातल्या गावठी जनावराला नुसता ताप येऊन जातो. इगतपुरी आणि अकोले तालुक्याकडच्या डांगी गुरांबद्दल तो हे अनुभवावर सांगतो. साहिवालमध्ये मात्र तसं प्रयोगांनीही दिसलंय. थायलेरिया हा मला या सगळ्या टोळीतला सर्वांत अचाट वाटतो. तो गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरून तिलाच कर्करोगाच्या पेशीसारखं वाढायला लावतो, आणि पेशी दुभंगली की स्वतःही तिच्याबरोबर वाटला जातो. बुपारव्हाक्वोन दिलं, परजीवी मेला, की ती पेशी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. कर्करोग औषधाने उलटा फिरवता येतो म्हटल्यावर जगभरचे लोक याच्या मागे लागले नसते तरच नवल. २०१५ मध्ये याचं एक प्रथिन, पिन-१, या बिघाडाच्या मुळाशी असल्याचं दिसलं, आणि त्यातल्याच एका बदलाने औषधही लागू पडेनासं होतं. गाईंना देतात ती लस म्हणजे हाच परजीवी, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून सौम्य केलेला. वाढवता वाढवता त्याच्या पेशींची ऊती कापत पसरण्याची ताकद जाते, बाकी ओळख शिल्लक राहते.

टॉक्सोप्लाझ्मा या आणखी एका एकपेशीय परजीवीबद्दल मुलीने पुस्तकात नक्की वाचलं असेल, म्हणून दोन वाक्यं. त्याचा पहिल्या प्रकारचा वाण प्रयोगशाळेतल्या उंदराला एका परजीवीनेही मारतो, आणि त्यामागची आरओपी-५ व आरओपी-१८ ही जनुकं फार गाजली. ती जनुकं उंदराच्या ज्या संरक्षक प्रथिनांची फळी मोडतात, ती फळी माणसाकडे जवळजवळ नाहीच, त्यामुळे उंदरावरचा निकाल माणसाला लावताना दहा वेळा विचार करावा.

आता तुमच्या दोन व्यवहारी प्रश्नांकडे.

उग्रतेची जनुकं तपासणं रोजच्या निदानात बसत नाही, आणि ती तपासून तुमच्या औषधात फरकही पडणार नाही. तपासायची आहे ती जात. त्यासाठी शौचातला हिस्टोलिटिकाचाच लेक्टिन ओळखणारी अँटिजेन तपासणी किंवा पीसीआर लागते. नाशिकमधून नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. नमुना ताजा हवा, आणि अँटिजेनसाठी फॉर्मॅलिनमध्ये घातलेला चालत नाही, हे आधी विचारून घ्या. डिस्पार निघाला तर औषध नको, अगदी डॉक्टरांनी सवयीने लिहून दिलं तरी विचारा. हिस्टोलिटिका निघाला तर त्रास नसतानाही औषध घ्यायचं, कारण आज गप्प आहे म्हणून उद्या राहील असं नाही, आणि घरातल्यांना तुमच्याकडून तो मिळत राहतो. तपासणी जमलीच नाही, तर घरात गळूचा रुग्ण आहे हे डॉक्टरांना सांगा. ते पाहून ठरवतील.

औषधाबद्दल एक गोष्ट भावासाठी जास्त महत्त्वाची आहे. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल यकृतातल्या आणि आतड्याच्या भिंतीतल्या अमीबाला मारतं, पण आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टचा त्याने भरवसा नाही. त्यासाठी नंतर डायलॉक्सॅनाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिन असं दुसरं औषध लागतं. गळू बरं झालं, पेशंट घरी गेला आणि हा दुसरा भाग राहून गेला, असं मी अनेकदा पाहिलंय. भावाच्या डिस्चार्ज कार्डवर ते आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि पाणी उकळा. नळाच्या पाण्यात असतं तेवढ्या क्लोरीनला सिस्ट दाद देत नाहीत, उकळीने मरतात.

मुलीला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर एक सुचवतो. बांगलादेशात गळूच्या रुग्णांच्या यकृतातला अमीबा आणि त्याच रुग्णाच्या शौचातला अमीबा यांची जनुकीय ठेवण ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही वेगळे निघाले. एकाच माणसात! आतड्यातल्या गर्दीतून ठरावीकच वाण यकृतात पोचतात, की जाता जाता डीएनए बदलतो, हा प्रश्न मोकळाच आहे, आणि आपल्या भागात असे जोड नमुने फारसे कोणी जपून ठेवत नाही. तिने करायचं ठरवलं तर गळूतून पू काढणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं की सुरुवातीचा चॉकलेटी पू नको, अगदी शेवटचा भाग वेगळ्या नळीत द्या. गळूच्या मधोमधचा पू म्हणजे विरघळलेल्या यकृताचा राडा, त्यात अमीबा क्वचित सापडतो. तो असतो गळूच्या कडेला, आणि कडेचा माल शेवटी येतो.